कादंबरीतील व्यक्तिरेखा भरीव केव्हा वाटते? : ‘श्यामची आई’च्या आधारे विवेचन

घटक ४

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला :
• व्यक्तिरेखा ‘आवडणे’ आणि व्यक्तिरेखेचा ‘प्रत्यय येणे’ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• एकपदरी व बहुपदरी, स्थिर व गतिमान या संज्ञांचा अर्थ सांगता येईल.
• ‘श्यामची आई’ या कलाकृतीतील आईची व्यक्तिरेखा कोठे भरीव होते व कोठे आदर्शाचे प्रतीक बनते, हे साधार दाखवता येईल.
• अन्य मराठी कादंबऱ्यांतील व्यक्तिरेखांचे स्वतंत्रपणे मूल्यमापन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कादंबरीवरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना ‘या कादंबरीतील व्यक्तिरेखा जिवंत वाटतात’ असे विधान आपण पुष्कळदा करतो. हे विधान चुकीचे नसते, पण अपुरे असते. जिवंत वाटतात म्हणजे नेमके काय होते? ते कोणाला वाटते? आणि तसे वाटण्यास संहितेतील कोणती गोष्ट कारणीभूत होते? या प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय ते विधान केवळ अभिप्राय राहते, समीक्षा होत नाही.

प्रस्तुत घटकात या प्रश्नांचा विचार प्रामुख्याने एका पुस्तकाच्या आधारे करावयाचा आहे. ते पुस्तक म्हणजे साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. ते निवडण्याची कारणे दोन. पहिले कारण असे, की हे पुस्तक आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले, निदान त्यातील एखादा प्रसंग शाळेत ऐकलेला असतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या पुस्तकातील आईविषयी दोन परस्परविरोधी मते वारंवार ऐकू येतात. ‘ही आई वाचताना डोळ्यांत पाणी येते, इतकी ती खरी आहे’, हे एक मत. ‘ही आई म्हणजे सद्गुणांचा पुतळा आहे, हाडामांसाची बाई नव्हे’, हे दुसरे मत. एकाच व्यक्तिरेखेविषयी इतकी भिन्न मते का संभवतात, याचा शोध घेतला तर व्यक्तिरेखेच्या भरीवपणाचे स्वरूप आपोआप उलगडू लागते.

‘श्यामची आई’ ही कादंबरी आहे की आत्मकथन, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. आत्मचरित्रात्मक आशय, कथामालिकेची रचना आणि कादंबरीसारखी सलग व्यक्तिरेखा या तिन्हींचा संगम तीत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका व्यक्तिरेखेची घडण करते, एवढे पुरेसे आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ आवडणे, समरस होणे आणि प्रत्यय येणे

वाचक आणि व्यक्तिरेखा यांच्यातील नात्याचे तीन स्तर वेगळे करून पाहणे आवश्यक आहे.

पहिला स्तर आवडनिवडीचा. एखादे पात्र प्रेमळ, शूर किंवा प्रामाणिक असेल तर ते आपल्याला आवडते. परंतु आवडणारे पात्र भरीव असतेच असे नाही. लोककथेतील गुणी राजपुत्र सर्वांना आवडतो, तरी त्याचा चेहरा कोणालाच आठवत नाही.

दुसरा स्तर समरसतेचा. पात्राच्या सुखदुःखात वाचक स्वतःचे सुखदुःख पाहतो. आईचा मृत्यू, बहिणीचा वियोग, घर सुटणे अशा प्रसंगी वाचक हेलावतो. मात्र तो कधी पात्रामुळे हेलावतो, तर कधी स्वतःच्या आठवणीमुळे. त्यामुळे अश्रू हा भरीवपणाचा निर्णायक पुरावा मानता येत नाही.

तिसरा स्तर प्रत्ययाचा. ‘ही व्यक्ती अशीच वागेल’ अशी खात्री आणि ‘आता ती काय करील, हे सांगता येत नाही’ अशी उत्सुकता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी निर्माण होतात, तेव्हा व्यक्तिरेखेचा प्रत्यय येतो. केवळ खात्री असेल तर पात्र साच्यातले होते. केवळ अनिश्चितता असेल तर ते विस्कळीत होते.

४.३.२ काही आवश्यक संज्ञा

इंग्रजी कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयक ग्रंथात पात्रांचे ‘सपाट’ आणि ‘गोलाकार’ असे दोन प्रकार केले. ज्याचे वर्णन एका वाक्यात संपते ते सपाट; जे पटण्याजोग्या रीतीने आपल्याला चकित करू शकते ते गोलाकार, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. या घटकात आपण त्यांसाठी ‘एकपदरी’ आणि ‘बहुपदरी’ हे शब्द वापरू.

याच्या जोडीला दुसरी एक विभागणी लक्षात ठेवावी. कथानकाच्या ओघात ज्याचा स्वभाव व जीवनदृष्टी बदलते ते गतिमान पात्र आणि ज्याची बदलत नाही ते स्थिर पात्र. विद्यार्थी या दोन विभागण्यांची पुष्कळदा गल्लत करतात आणि ‘पात्र बदलत नाही, म्हणून ते भरीव नाही’ असा निष्कर्ष काढतात. तो बरोबर नाही. प्रत्यक्ष जीवनातही अनेक माणसे आयुष्यभर फारशी बदलत नाहीत, तरी ती आपल्याला पूर्णपणे कळली असे म्हणता येत नाही. स्थिर असूनही बहुपदरी असणे शक्य आहे. श्यामची आई हे त्याचे उदाहरण ठरते का, हे आता पाहावयाचे आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) वाचकाचे अश्रू हा व्यक्तिरेखेच्या भरीवपणाचा निर्णायक पुरावा का ठरत नाही?
(आ) स्थिर पात्र आणि एकपदरी पात्र यांतील फरक दोन-तीन वाक्यांत लिहा.

४.३.३ ‘श्यामची आई’ : लेखनाची पार्श्वभूमी व निवेदनाची रचना

स्वातंत्र्य-आंदोलनातील सहभागामुळे साने गुरुजींना अनेकदा कारावास घडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली. त्यानंतर ते नाशिकच्या तुरुंगात होते. आज नाशिक रोडचे मध्यवर्ती कारागृह म्हणून आपण ओळखतो तो हा तुरुंग. येथे ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चे बहुतांश लेखन केले. पुढे १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले.

हा तपशील केवळ चरित्रात्मक कुतूहलाचा नाही. व्यक्तिरेखेच्या घडणीशी त्याचा थेट संबंध आहे. गुरुजींच्या आईचे निधन १९१७ साली झाले होते. म्हणजे लेखनाच्या वेळी तिला जाऊन पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. लेखक घरापासून दूर, भिंतींच्या आत होता. कोकणातील पालगड गाव, तेथील विहीर, अंगण, देऊळ हे सारे त्याला स्मृतीतूनच उभे करावे लागले. स्मृती निवड करते. जे मनावर कोरले गेले तेच ती राखते. मधले रोजचे, रुक्ष तपशील गळून पडतात. त्यामुळे या आईचे चित्र उत्कट होते, आणि त्याच कारणामुळे ते आदर्शाकडे झुकण्याचा धोकाही निर्माण होतो. या व्यक्तिरेखेचे बळ आणि तिची मर्यादा, दोन्हींचा उगम एकच आहे.

निवेदनाची रचनाही लक्षात घ्यावी. आश्रमातील सोबत्यांना प्रौढ श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्रींत पुस्तक विभागलेले आहे. सांगणारा श्याम प्रौढ, समंजस आणि कृतज्ञ आहे; आठवणीतला श्याम मात्र हट्टी, भित्रा, कधी खोटे बोलणारा मुलगा आहे. आई आपल्याला एकाच वेळी या दोघांच्या डोळ्यांतून दिसते. मुलाला जे तेव्हा कळले नव्हते, ते प्रौढाला आता कळते. या दोन दृष्टींमधील अंतर जेथे टिकते तेथे आईची व्यक्तिरेखा खोल होते. जेथे प्रौढ श्याम ते अंतर उपदेशाने भरून काढतो तेथे ती उथळ होते. हे सूत्र ध्यानात ठेवून आपण काही प्रसंग तपासू.

४.३.४ आईची व्यक्तिरेखा कोठे भरीव होते?

(१) पोहण्याचा प्रसंग. पाण्याच्या भीतीने माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर पाठवते. पुढे तो पोहून रुसून परत येतो, तेव्हा ती त्याला दही देऊ करते आणि लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हटलेले आपल्याला सहन होणार नाही, असे सांगते. येथे प्रेम आणि कठोरपणा या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवलेल्या नाहीत. एकीतून दुसरी निर्माण झालेली आहे. शिवाय ‘लोक काय म्हणतील’ ही चिंताही तीत मिसळलेली आहे. आईच्या मनात मुलाच्या हिताबरोबर स्वतःच्या मानाचाही विचार आहे, ही गोष्ट तिला पुतळ्यापासून दूर नेते.

(२) मोळीचा प्रसंग. त्या काळी रूढीने अस्पृश्य मानलेल्या समाजातील एका म्हाताऱ्या बाईची मोळी खाली पडते आणि ती पुन्हा डोक्यावर चढवायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला तिच्या मदतीस पाठवते. मात्र घरी आल्यावर स्नान करण्याची तडजोडही सुचवते. हा प्रसंग व्यक्तिचित्रणाच्या दृष्टीने अतिशय बोलका आहे. आई पूर्णपणे सुधारकी विचारांची असती, तर स्नानाचा प्रश्नच उद्भवला नसता. ती पूर्णपणे सनातनी असती, तर मुलाला पाठवलेच नसते. ती आपल्या काळाच्या चौकटीत उभी राहून, त्या चौकटीत जेवढी फट सापडेल तेवढीतून माणुसकीकडे जाते. आजच्या वाचकाला ही तडजोड खटकेल, आणि ती खटकावीही. परंतु हा अंतर्विरोधच तिला विशिष्ट काळातील, विशिष्ट घरातील, विशिष्ट बाई बनवतो.

(३) कर्जाचे प्रसंग. पुस्तकाच्या उत्तरार्धात घराची परिस्थिती ढासळते. सावकाराचा वसुलीला आलेला माणूस अपमानकारक बोलतो, तेव्हा एरवी सोशिक असलेली आई संतापून उठते आणि त्याला ओटीवरून निघून जाण्यास सांगते. पुढे घरादारावर जप्तीची दवंडी पिटली जाते आणि तो घाव तिच्या जिव्हारी लागतो. क्षमेचे, शांतीचे संस्कार मुलावर करणारी बाई येथे स्वतः शांत राहू शकत नाही. फॉर्स्टर यांच्या कसोटीनुसार ती आपल्याला चकित करते आणि तरीही तिचे वागणे पूर्णतः पटते, कारण मानाविषयीची तिची तीव्र जाणीव पोहण्याच्या प्रसंगापासून आपल्याला ठाऊक आहे. सुरुवातीच्या प्रसंगातील एक सूक्ष्म धागा उत्तरार्धात असा ताणला जातो. व्यक्तिरेखेची ‘वाढ’ म्हणतात ती पुष्कळदा अशी असते : स्वभाव बदलत नाही, परंतु परिस्थितीच्या दडपणाखाली त्याचे आतापर्यंत न दिसलेले टोक दिसते.

(४) मृत्यूचा प्रसंग. अखेरच्या काळात श्याम आईजवळ नाही. तिच्या शेवटच्या क्षणांचा तो साक्षीदार नसल्यामुळे त्याविषयी त्याला इतरांकडून कळते. ज्या व्यक्तीविषयी तो बेचाळीस रात्री बोलतो, तिचा सर्वांत महत्त्वाचा क्षण त्याच्या अनुभवाबाहेर राहतो. ही पोकळी वाचकाला जाणवते, आणि तीच आईला स्वतंत्र अस्तित्व देते. निवेदकाला सर्व काही ठाऊक नाही, असे वाटणे हे भरीवपणाचे एक महत्त्वाचे लक्षण आहे.

४.३.५ आईची व्यक्तिरेखा कोठे प्रतीक बनते?

अंघोळीनंतर पाय मातीने मळू नयेत म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामला आई पदर पसरून देते आणि पायांसारखेच मनालाही जपण्यास सांगते. हा प्रसंग सुंदर आहे. पण त्याची रचना दृष्टान्ताची आहे. त्यात आईला कसलीच अडचण नाही, तिच्या मनात द्विधा नाही, तिच्या उत्तराला कोणाचा विरोध नाही. प्रसंग संपतो तेथे शिकवणही पूर्ण होते. वाचकाने विचार करावा असे काही उरत नाही. कळ्या तोडू नयेत हे सांगणारा प्रसंगही याच प्रकारचा आहे. अशा ठिकाणी आई व्यक्तीपेक्षा मूल्य म्हणून उभी राहते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. शालेय पाठ, कथाकथन, भाषणे यांसाठी निवडले जातात ते बहुधा याच प्रकारचे प्रसंग, कारण ते सुटे काढता येतात. कर्ज, जप्ती, आजारपण यांचे प्रसंग सुटे काढता येत नाहीत. आधीचे सर्व वाचल्याशिवाय त्यांचे वजन कळत नाही. परिणामी ज्यांना हे पुस्तक केवळ उताऱ्यांतून परिचित आहे, त्यांच्या मनात आईची एकपदरी प्रतिमा राहते. ‘सद्गुणांचा पुतळा’ हे मत अनेकदा संपूर्ण पुस्तकाविषयी नसून अशा निवडीविषयी असते.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या याच नावाच्या चित्रपटाचाही उल्लेख केला पाहिजे. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला चित्रपट. त्यातील वनमालाबाईंची आई अनेकांच्या मनात इतकी ठसली आहे, की पुस्तक वाचतानाही त्यांचाच चेहरा व आवाज समोर येतो. संहितेचे मूल्यमापन करताना आपल्या मनातील प्रत्यय शब्दांतून आला की पडद्यावरून, हे स्वतःला विचारावे. दोन्ही प्रत्यय खरेच असतात, पण त्यांची साधने वेगळी आहेत.

४.३.६ गौण व्यक्तिरेखा

सर्वच पात्रे बहुपदरी असावीत, अशी अपेक्षा योग्य नाही. वसुलीला आलेला माणूस एकपदरीच आहे, आणि त्या प्रसंगाला तेवढेच पुरते. श्यामचे वडील मात्र याहून वेगळे आहेत. खोताच्या घराण्याचा मोठेपणा त्यांना सोडवत नाही आणि तो निभावण्याची ऐपतही राहिलेली नाही. मिठाशिवाय झालेली भाजी ते तक्रार न करता जेवतात, रांधणाऱ्या बायकोला वाईट वाटू नये म्हणून. पण आलेल्या दारिद्र्याला सामोरे जाण्याचे धैर्य त्यांच्याजवळ आईइतके नाही. हा मनुष्य प्रेमळ आणि दुबळा आहे. थोड्या रेषांत उभी राहिलेली ही व्यक्तिरेखा आईच्या व्यक्तिरेखेलाही खोली देते, कारण तिचा कणखरपणा कोणाच्या शेजारी उभा आहे हे त्यामुळे कळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) मोळीच्या प्रसंगातील अंतर्विरोध कोणता? त्यामुळे व्यक्तिरेखेला काय प्राप्त होते?
(आ) उताऱ्यांतून परिचित झालेली आई एकपदरी का वाटते?

४.३.७ तुलनेसाठी अन्य कादंबऱ्या

ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. आईविषयी श्याम सांगतो; यमूविषयी यमूच सांगते. त्यामुळे बाईच्या मनातील भीती, आशा, संकोच वाचकापर्यंत मध्यस्थाशिवाय पोहोचतात. श्यामच्या आईचे अंतर्मन मात्र आपल्याला तिच्या कृतींवरून ताडावे लागते.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील कौतिक हीदेखील दारिद्र्याशी झुंजणारी आई आहे. नवऱ्याच्या कामचुकारपणामुळे संसाराचा भार तिच्यावर पडतो. येथे निवेदक तिची थोरवी सांगत नाही, तिच्या कष्टांतून धडा काढत नाही. तिची वऱ्हाडी बोली, तिचे हिशेब, तिचा त्रागा एवढेच आपल्यासमोर येते. निष्कर्ष काढण्याचे काम वाचकाकडे राहते. ‘श्यामची आई’तील उपदेशाची बाजू बाजूला ठेवली तर काय उरेल, हे समजून घेण्यासाठी ‘धग’ वाचणे उपयुक्त आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर निवेदक आहे. कारभारी, आनंदा रामोशी यांच्यासारखी माणसे काही मोजक्या भेटींतून उभी राहतात. मास्तर बाहेरचा असल्यामुळे त्याला सर्व काही कळत नाही, आणि ही मर्यादाच त्या माणसांना आपापले खासगीपण देते. पात्राला दिलेली पृष्ठसंख्या आणि त्याचा भरीवपणा यांचे प्रमाण सम नसते, हे या कादंबरीवरून स्पष्ट होते.

४.३.८ वाचकाचा वाटा

व्यक्तिरेखा लेखक घडवतो, पण ती पूर्ण होते वाचकाच्या मनात. म्हणून वाचकाचे वय, अनुभव आणि काळ यांनुसार प्रत्यय बदलतो. बाराव्या वर्षी हे पुस्तक वाचणारा वाचक श्यामच्या बाजूने वाचतो. त्याला शिंपटीचा मार आणि दह्याची वाटी आठवते. नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिक्षण घेणारा प्रौढ वाचक तेच पुस्तक आईच्या व वडिलांच्या बाजूने वाचू शकतो. महिनाअखेरीची ओढाताण, कर्जाचा हप्ता, मुलांसमोर चेहरा शांत ठेवण्याचा प्रयत्न हे ज्याने अनुभवले आहे, त्याला दवंडीचा प्रसंग वेगळ्याच तीव्रतेने कळतो. दूरस्थ शिक्षणातील विद्यार्थ्याचा हा जीवनानुभव वाङ्मयाच्या अभ्यासात उणेपणाचा नव्हे, तर बळाचा भाग आहे.

मात्र अनुभवाचा आधार घेताना एक शिस्त पाळावी. ‘माझी आई अशीच होती’ हे विधान वाचकाच्या आईविषयी आहे. व्यक्तिरेखेविषयीचे विधान करण्यासाठी संहितेकडे परत जावे लागते. त्यासाठी पुढील पाच प्रश्न उपयोगी पडतील :

१. ही व्यक्ती कोणत्या दडपणाखाली निर्णय घेते?
२. तिच्या वागण्यात कोणता अंतर्विरोध आहे आणि तो पटतो का?
३. तिची भाषा इतर पात्रांहून वेगळी ओळखता येते का?
४. इतर पात्रांना ती कशी दिसते? सर्वांना एकसारखीच दिसते का?
५. निवेदकाने तिच्याविषयी काही न सांगता सोडले आहे का?

या पाचही प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळालीच पाहिजेत असे नाही. परंतु एकाही प्रश्नाला संहितेतून उत्तर मिळत नसेल, तर ती व्यक्तिरेखा कितीही आवडती असली तरी भरीव म्हणता येणार नाही.

४.४ सारांश

व्यक्तिरेखा आवडणे, तिच्याशी समरस होणे आणि तिचा प्रत्यय येणे या तीन भिन्न गोष्टी आहेत. भरीवपणा हा गुणांच्या संख्येवर, वर्णनाच्या विस्तारावर किंवा स्वभावातील बदलावर अवलंबून नसतो. दडपणाखालील निवड, पटणारा अंतर्विरोध आणि निवेदकाच्या ज्ञानाबाहेर राहिलेली जागा यांतून तो निर्माण होतो. ‘श्यामची आई’तील आई स्थिर व्यक्तिरेखा आहे; दृष्टान्तवजा प्रसंगांत ती एकपदरी, तर मोळीच्या, कर्जाच्या आणि मृत्यूच्या प्रसंगांत बहुपदरी होते. म्हणून तिच्याविषयीची दोन्ही मते अंशतः खरी आहेत. ती एकाच पुस्तकातील वेगवेगळ्या पानांविषयी बोलतात. कोणत्या पानांविषयी, हे दाखवून देणे हे अभ्यासकाचे काम आहे.

४.५ पारिभाषिक संज्ञा

एकपदरी व्यक्तिरेखा : एकाच गुणावर किंवा कल्पनेवर उभी असलेली व्यक्तिरेखा.
बहुपदरी व्यक्तिरेखा : अनेक, प्रसंगी परस्परविरोधी, प्रवृत्ती असलेली आणि पटण्याजोग्या रीतीने चकित करणारी व्यक्तिरेखा.
कथनदृष्टी : ज्याच्या नजरेतून घटना व माणसे वाचकाला दिसतात ती भूमिका.
प्रत्यय : व्यक्तिरेखेच्या स्वतंत्र अस्तित्वाविषयी वाचकाला येणारी खात्री.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे (संक्षिप्त)

प्रश्न १ : (अ) अश्रू पात्रामुळे येतात तसेच वाचकाच्या स्वतःच्या आठवणीमुळेही येऊ शकतात. (आ) स्थिर पात्राचा स्वभाव बदलत नाही, पण त्याला अनेक पदर असू शकतात. एकपदरी पात्राला मुळातच एक पदर असतो.
प्रश्न २ : (अ) रूढी मानणे आणि रूढीपलीकडील माणुसकी जपणे, हा अंतर्विरोध, त्यामुळे व्यक्तिरेखेला काळ, स्थळ आणि विशिष्टता प्राप्त होते. (आ) सुटे काढता येणारे प्रसंग बहुधा दृष्टान्ताच्या स्वरूपाचे असतात आणि दडपणाचे प्रसंग वगळले जातात.

४.७ सरावासाठी लेखन व उपक्रम

१. ‘श्यामची आई’तील वडिलांच्या व्यक्तिरेखेचे वर दिलेल्या पाच प्रश्नांच्या आधारे परीक्षण करा.
२. ‘श्यामची आई’तील आई आणि ‘धग’मधील कौतिक यांची निवेदनपद्धतीच्या अंगाने तुलना करा.
३. तुमच्या घरातील किंवा शेजारातील दोन भिन्न वयांच्या वाचकांना ‘श्यामची आई’तील कोणता प्रसंग आठवतो, हे विचारा. त्यांच्या उत्तरांतील फरकाची कारणे सुमारे २०० शब्दांत लिहा.